चाळीस डॉलरचा बाण

चार जुलैच्या दुपारी ड्वेननं लोरेटाचं धनुष्य मोडलं, आणि ते इतक्या मूर्खपणे मोडलं की बघणाऱ्यांनी कपाळावर हात मारून घेतले.

अंगणात कणसं भाजत होती, बर्फाच्या टोपलीत बिअर होती, सगळं कसं झकास चाललं होतं. ड्वेन म्हणजे लोरेटाच्या धाकट्या बहिणीचा, मर्नाचा नवरा. माणूस वाईट नाही, पण त्याचे हात कधी स्वस्थ बसायचे नाहीत आणि तोंड तर त्याहून नाही. व्हरांड्यातल्या खुंटीवर लोरेटाचं शिकारीचं धनुष्य टांगलेलं होतं, दोन टोकांना दोन चाकं असलेलं, चाकांचं धनुष्य म्हणतात ते. ते त्यानं उचललं आणि शेजाऱ्याला म्हणाला, "बघ, ताण कसा घ्यायचा दाखवतो." दोरी कानापर्यंत ओढली आणि दिली सोडून. बाण न लावता!

अहो, या डोंगरांतलं सहा वर्षांचं पोरही सांगेल की रिकामी दोरी सोडायची नसते. बाण असला की धनुष्याचा जोर तो घेऊन जातो. बाण नसला की तो जोर माघारी फिरतो आणि धनुष्याचीच हाडं मोडतो. धाडकन आवाज झाला. वरचं पातं उभं चिरलं, एक चाक उडून टोमॅटोच्या वाफ्यात पडलं आणि ड्वेन हातातल्या सांगाड्याकडे बघत नुसता उभा राहिला.

"लोरेटा," तो म्हणाला, "हे आधीच जरा सैल होतं का गं?"

"तुझं डोकं सैल आहे," लोरेटा म्हणाली आणि घरात निघून गेली.  सगळ्यांसमोर डोळ्यांत पाणी दिसायला नको, म्हणून ती गेली.

लोरेटा हुडाक एक्कावन्न वर्षांची. लिंडन हॉलो गावच्या सॉ मिलमध्ये फळ्यांची प्रतवारी करायची. पट्ट्यावरून फळी सरकत आली की एका नजरेत तिच्या रेषा-गाठी बघायची आणि खडूनं खूण करायची. चांगलीला निळी रेघ, टाकाऊला लाल फुली. नवरा जीन त्याच मिलमध्ये होता. सहा वर्षांपूर्वी ओंडका घसरला आणि त्याची पाठ गेली ती गेलीच. तेव्हापासून तो घर बघायचा, स्वयंपाक करायचा, आणि करायचा तोही असा की गावातल्या बायका त्याच्याकडे कृती विचारायला यायच्या.

त्या घरात हिवाळाभर हरणाचं मांस शिजायचं. दोन धष्टपुष्ट हरणं मिळाली की फ्रीझर एप्रिलपर्यंत पुरायचा. दुकानातल्या बीफचे भाव असे होते की लोरेटा त्या काचेसमोरून मान खाली घालून पुढे जायची. आणि हरणं मिळायची एकाच जागी, गावच्या शिकारी क्लबच्या सफरचंदाच्या बागेत. बाग मिलच्या अगदी पाठीमागे. तीनला पाळी संपली की सव्वातीनला ती मचाणावर असायची आणि अंधार पडेपर्यंत चांगले तीन तास मिळायचे. दुसरीकडची रानं तासाभराच्या अंतरावर, तिथे पोचेपर्यंतच दिवस मावळायचा. म्हणजे बाग गेली की शिकार गेली, आणि शिकार गेली की हिवाळा कसा काढायचा ते जीनच्या पेन्शनला विचारायचं.

पण ती जागा कुणाच्या नावावर नव्हती. ती दरवर्षी जिंकावी लागायची.

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी क्लबवर थाळीची नेमबाजी असायची. ज्याला क्लबच्या रानात धनुष्यानं शिकार करायची असेल त्यानं घरून एक पाई भाजून आणायची, सफरचंदाची नाहीतर भोपळ्याची. आधी सगळ्यांनी मिळून ती खायची. मग ज्याची त्याची रिकामी पत्र्याची थाळी गवताच्या भाऱ्यावर ठोकायची आणि पंधरा ढांगांवरून पाच बाण मारायचे. पाचही थाळीत बसले तर परवाना, नाहीतर पुढच्या वर्षी या, पाई मात्र ठेवून जा. बागेसाठी एकाहून जास्त नावं आली तर त्यांनी आणखी पाच-पाच बाण मारायचे. मग क्लबची अध्यक्ष विल्मा पाचही बाणांभोवती सुतळीचा एक वेढा घालायची. ज्याची सुतळी आखूड त्याची बाग. गेली चार वर्षं बाग लोरेटाकडे होती.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ती मोडकं धनुष्य घेऊन तालुक्याच्या दुकानात गेली. काउंटरवरच्या माणसानं ते उलटंसुलटं करून बघितलं आणि आजारी माणसाच्या घरच्यांकडे बघतात तसं तिच्याकडे बघितलं.

"मॅडम, हे मॉडेल बंद होऊन नऊ वर्षं झाली. पाती मिळणार नाहीत."

"आणि नवीन?"

"नवीन तेराशेपासून पुढे. नुसतं धनुष्य हं. नेम धरायची साईट वेगळी, बाण टेकवायची कडी वेगळी, दोरी सोडायचा चाप वेगळा. बाण घ्याल तर हे बघा, मागे दिवा आहे, कुठे लागला ते अंधारातही दिसतं. चाळीसला एक."

"चाळीसला डझन?"

"एक."

"बापरे! आणि सगळं धरून?"

"बावीसशेच्या आसपास. पूर्वी निम्म्यात व्हायचं, खरंय. हप्ते करून देतो ना."

"बावीसशेत हरीण पण मिळतं का? सोलून?" लोरेटानं विचारलं. तो हसला. ती हसली नाही. पाच आठवड्यांचा पगार होता तो. बाहेर येऊन ती गाडीत बराच वेळ किल्ली न लावता बसून राहिली.

त्यात ऑगस्टच्या पहिल्या रविवारी ड्वेन आला आणि दारातच टोपी चोळत उभा राहिला. मित्रांबरोबर भाड्यानं घेतलेल्या रानाचं भाडं यंदा दुप्पट झालं होतं. ते रान सुटलं होतं. तेव्हा त्यानं बागेसाठी नाव द्यायचं ठरवलं होतं.

लोरेटाच्या अंगाचा तिळपापड झाला. "माझं धनुष्य मोडलंस, आता माझं मचाणही घेणार?"

"तसं नाही गं. तुझ्याकडे यंदा धनुष्यच नाही, मग म्हटलं जागा रिकामी राहण्यापेक्षा... मांस अर्धं अर्धं करू की. मर्नाचीच कल्पना आहे."

"मर्नाला सांग, तिच्या बहिणीला अजून दोन्ही हात आहेत."

"मी भरून दिलं असतं, शपथ. पण माझ्याच धनुष्याचे सोळा हप्ते राहिलेत. दिव्यांचे बाण तर सहाच घेतले. सहाच! त्यातला एक कुठे पडला तर मी दिवसभर गुडघ्यांवर रांगत शोधतो."

"रांग मग," लोरेटा म्हणाली आणि तिनं दार लावलं. स्वयंपाकघरातून जीन म्हणाला, "जरा जोरात लावायचंस, माझा फुललेला केक अजून खाली बसला नाहीये." पण त्यालाही हसू येत नव्हतं.

त्याच संध्याकाळी ती बेंडर सरांकडे गेली. का गेली ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. सर एक्क्याऐंशी वर्षांचे. शाळेत सुतारकाम शिकवायचे, आणि पूर्वी त्यांच्या वर्गात प्रत्येक मूल लाकडाचं धनुष्य करूनच पास व्हायचं. लोरेटानंही केलं होतं, बाराव्या वर्षी. मग चाकांची धनुष्यं आली, सरांची निवृत्ती आली, आणि लाकडाच्या धनुष्याला लोक खेळणं म्हणू लागले.

"सर, यंदा मी बाहेर," ती म्हणाली आणि सगळं सांगून मोकळी झाली.

सरांनी ऐकून घेतलं. मग गॅरेजात गेले, छताला आडव्या टांगलेल्या काठ्यांमधून एक लांब काठी काढली आणि तिच्या हातात ठेवली. धनुष्यच होतं ते. अजून पूर्ण झालेलं नव्हतं, पण अंग धरलेलं होतं. हिकरीच्या चिवट लाकडाचं, तिच्या उंचीचं, मुठीपाशी जाड आणि टोकांकडे बारीक होत गेलेलं. तिनं त्याची पाठ बघितली आणि ती चमकली. टोकाजवळ एका गाठीच्या बाजूला लाल खडूची फुली होती. पुसट, पण तिचीच.

"तीन वर्षांपूर्वी तू मला चुलीसाठी लाकडं दिलीस," सर म्हणाले. "त्यातलं हे. गाठ होती म्हणून तू टाकाऊ ठरवलंस. फळी म्हणून टाकाऊच होतं, तुझी चूक नाही. पण बाकीची रेष बघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसंध. असलं लाकूड जाळायचं म्हणजे पाप. तेव्हापासून सुकतंय."

"सर, पण मी लाकडाचं धनुष्य शेवटचं चालवलं त्याला जमाना झाला."

"मग लगेच सुरू कर. आठच आठवडे आहेत."

पुढचे तीन रविवार दोघांनी ते धनुष्य घडवलं. भिंतीवरच्या खुंटीत मूठ अडकवायची, दोरी कप्पीवरून ओढायची, दोन्ही पाती सारखी वाकतात का ते लांबून बघायचं, आणि जे पातं अडेल त्याच्या पोटावरून काचेच्या तुकड्यानं कागदाएवढा पापुद्रा काढायचा. घाई केली की गेलं. बाणांच्या काड्या मिलमधल्या स्प्रूस लाकडाच्या टाकाऊ पट्ट्यांतून सरांनी लेथवर काढल्या. पिसं लोरेटानं एप्रिलमध्ये मारलेल्या टर्कीची, तपकिरी-पांढऱ्या पट्ट्यांची. ती तिनं टोमॅटोच्या रिकाम्या डब्यात ठेवलेली होती, कशाला ते तिला तेव्हा माहीतही नव्हतं. टोकं मात्र लोखंडाची, दुकानातली. सगळे मिळून बारा बाण झाले, आणि खर्च झाला तो टोकांचा, गोंदाचा आणि सरांच्या कॉफीचा.

आणि मग सुरू झाली फजिती. पहिल्या आठवड्यात दोरी डाव्या हातावर अशी सपासप बसायची की कोपरापासून मनगटापर्यंत काळंनिळं झालं. जुन्या कपड्यांनी भरलेलं पोतं परसात उभं केलं होतं. बाण पोत्याच्या वरून जायचे, खालून जायचे, एक तर शेजाऱ्याच्या कुंपणात घुसला. साईट नाही, चाप नाही, नुसती तीन बोटं आणि दोन डोळे. जीन खिडकीतून ओरडायचा, "पोत्याला सांगू का जरा सरकायला?"

"तू तुझी कणीक मळ!"

सर खुर्ची टाकून बसायचे. "तू पोतं बघतेस," ते म्हणायचे. "पोतं बघायचं नाही. पोत्यावरचा एक टाका बघ. हरीण समोर आलं तरी हरीण बघायचं नाही, त्याचा एक केस बघायचा. बाण तिथेच जातो जिथे तू बघतेस. मोठं बघितलंस की कुठेही जातो."

रोज पाळीनंतर साठ बाण. बोटांना घट्टे पडले. सप्टेंबर लागला तसे बाण पोत्याबाहेर जायचे थांबले. दुसऱ्या आठवड्यात ते एकमेकांजवळ यायला लागले. एके संध्याकाळी दोन बाण एकमेकांना असे खेटले की मधून बोट जाईना. लोरेटानं मागे वळून बघितलं. सरांनी खुर्ची तीन ढांगा मागे सरकवली, म्हणजे आता इथून मार.

शनिवार उजाडला तो स्वच्छ, गार. क्लबच्या लांब टेबलावर सतरा पाई मांडल्या होत्या. जीननं बागेतल्याच सफरचंदांची पाई केली होती. दालचिनी घातलेली, कडेनं रस उतू गेलेली. पहिल्या दहा मिनिटांत ती संपली आणि दोघे जण थाळी खरवडत होते. पण रसाचा एक थेंब थाळीच्या मधोमध जळून असा चिकटला होता, गडद, मसुराएवढा, की तो काही सुरीनं निघेना. मर्नानं मात्र ड्वेनची थाळी घासून आरशासारखी करून दिली होती.

लोरेटानं गाडीतून हिकरीचं धनुष्य काढलं तेव्हा टेबलाशी सगळ्यांच्या माना वळल्या. मग एकजण म्हणाला, "लोरेटा, बाण मारणार की मासे धरणार?" दुसरा म्हणाला, "अरे, दोरीवर कपडे वाळत घालणार असेल." सगळे खो खो हसले. ड्वेन हसला नाही. त्याचं मन त्याला खात होतं.

"हसून घ्या," लोरेटा म्हणाली. "पाई खाल्लीत ना माझी? ती पचवायला हसणं लागेलच."

पहिली फेरी झाली. सतरातल्या तेरा जणांचे पाचही बाण थाळीत बसले. लोरेटाचेही बसले, एक अगदी कडेला, थाळीचा काठ वाकवून, पण बसले. विल्मानं कागद बघून घंटा वाजवली. "बागेसाठी दोन नावं. ड्वेन आणि लोरेटा. नाणं टाकते." नाणं ड्वेनच्या बाजूनं पडलं. तो आधी मारणार.

आता ड्वेन चांगला नेमबाज होता, ते कुणीही नाकारणार नाही. त्याचं धनुष्य म्हणजे घड्याळच. पण त्याची एक सवय होती, आणि ती त्याची एकट्याची नव्हती, त्या नव्या महागड्या बाणांची ज्याला ज्याला हौस होती त्या सगळ्यांचीच होती. घरी सराव करताना तो निशाण्यावर पाच ठिपके काढायचा आणि प्रत्येक ठिपक्यावर एकच बाण मारायचा. एका जागी दोन बाण कोण मारील? बाणावर बाण बसला तर चाळीस डॉलर मातीत. वर्षभर तो असाच, बाण एकमेकांपासून लांब ठेवून शिकला होता. आणि इथे विल्मा सुतळी घेऊन उभी होती.

त्याचा पहिला बाण थाळीच्या मध्यात बसला. दुसरा त्याच्या इतका जवळ, की पिसाला पीस घासलं. लोकांनी शिट्ट्या मारल्या. लोरेटाच्या तोंडचं पाणी पळालं. असेच पाच बसले तर संपलंच सगळं.

तिसरा बाण सुटला आणि 'टक्' असा बारीक आवाज झाला. दुसऱ्या बाणाच्या मागचा दिवा फुटून गवतात उडाला.

"चाळीस गेले!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि सगळा मेळा हसला. किंमत प्रत्येकाला पाठ होती.

ड्वेनही हसला, पण त्याचे कान लाल झाले. चौथा बाण लावताना तो नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबला. बाण गेला तो तीन बोटं डावीकडे. पाचवा दोन बोटं खाली. थाळीतच, झकासच, कुठलंही हरीण जागेवर बसलं असतं. पण विल्मानं सुतळी फिरवली तेव्हा तो वेढा चहाच्या कपाच्या तोंडाएवढा निघाला. तिनं सुतळी कापली आणि खिळ्याला टांगली.

लोरेटा रेघेवर येऊन उभी राहिली. जीन कुंपणाला टेकून उभा होता, पाठीला हात लावून. त्याच्या शेजारी बेंडर सर.

तिनं थाळी बघितली नाही. तिनं तो जळलेल्या रसाचा थेंब बघितला. दोरी ओढली, अंगठा गालाला लागला, सुटली. बाण थेंबाच्या काठावर. कुणी हसलं नाही. दुसरा दीड बोट उजवीकडे. तिसरा पहिल्याला खेटून. चौथा सुटताना बोट जरा अडकलं आणि तो वर गेला, दोन बोटं. मेळ्यातून "अरेरे" असा सुस्कारा आला.

ती जागच्या जागी उभी राहून बघत होती. हिशेब सरळ होता. चार बाणांचा वेढा ड्वेनच्या सुतळीहून थोडाच लहान होता. पाचवा बाहेर कुठेही पडला, अगदी एक बोटभर जरी, तरी बाग गेली. तो आतच बसायला हवा होता, आणि आत जागा होती कुठे? आत तिचेच बाण होते.

थेंब आता दिसत नव्हता, त्यावर बाण उभे होते. मग तिनं तिसऱ्या बाणाचं बूड बघितलं. दोरी अडकवायची खाच, तिथे सरांनी करवतीनं कापलेली, नखाएवढी. तिच्या बाजूला टर्कीच्या पिसाचा एक पांढरा पट्टा. लोरेटा त्या खाचेकडे बघत राहिली, इतकी की बाकी सगळं मिटून गेलं. बाण मोडेल हा विचार तिच्या मनाला शिवलाही नाही. का शिवावा? मिलच्या मागे स्प्रूसच्या पट्ट्यांचा डोंगर पडला होता.

दोरी सुटली.

फाडकन आवाज झाला, वाळलेली फांदी मोडते तसा. क्षणभर कुणालाच कळेना काय झालं. मग विल्मा धावत भाऱ्यापाशी गेली आणि तिनं तोंडावर हात ठेवला. तिसरा बाण बुडापासून पिसांपर्यंत उभा चिरला होता आणि पाचवा त्याच्या पोटात रुतून बसला होता, एका बाणातून दुसरा उगवावा तसा.

"आई शप्पथ!" पहिला ओरडला तो ड्वेनच. आणि मग जो काही गलका झाला! मघाशी मासे धरायची गोष्ट करणारा माणूस टोपी हवेत उडवून नाचत होता. कुणीतरी लोरेटाला उचललं, ती त्याच्या पाठीत बुक्के मारत "खाली ठेव, मेल्या!" म्हणत होती आणि हसत होती आणि रडत होती. या क्लबात बाणाला बाण घासला की लोक हळहळायचे. मुद्दाम स्वतःच्याच बाणावर बाण कुणी मारला होता? कुणाच्या खिशाला परवडलं होतं ते?

विल्मानं सगळ्यांना मागे सारलं. पाच बाणांभोवती सुतळी फिरवली, गाठीपाशी कापली. मग ड्वेनची सुतळी खिळ्यावरून काढली आणि दोन्हींची टोकं एका चिमटीत धरून वर उचलली. ड्वेनची सुतळी खाली लोंबत राहिली. चांगलं दीड बोट.

"बाग लोरेटाची!" विल्मा म्हणाली आणि घंटा इतकी बडवली की तिची दांडी निखळली.

बेंडर सरांनी टोपी काढून छातीशी धरली होती. लोरेटा त्यांच्याकडे गेली.  सर म्हणाले, "चौथ्याला बोट अडकलं."

"हो सर."

"पुढच्या वर्षी अडकता कामा नये."

ड्वेन आला. फुटका दिवा त्यानं मुठीत धरला होता. "मी माझ्याच बाणांना घाबरलो," तो म्हणाला. "तिसऱ्याचा 'टक्' ऐकला आणि हात आपोआप सरकला. बाण मारतोय की नोटा मारतोय तेच कळेना." मग जरा घुटमळून म्हणाला, "सर, अशी अजून काठी असेल का तुमच्याकडे?"

"लाल फुल्या कोण मारतं तिला विचार," सर म्हणाले.

ड्वेननं लोरेटाकडे बघितलं. लोरेटानं त्याला थोडा वेळ तसंच ताटकळत ठेवलं. तेवढा तिचा हक्क होता. मग म्हणाली, "सोमवारी पाळी सुटताना मागच्या फाटकाशी ये. पण एक सांगते, तिला दोरी लागली की माझ्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही."

"माझ्याच धनुष्याला?"

"तुझ्याच धनुष्याला."

जीनला तो चिरलेला बाण भिंतीवर टांगायचा होता. त्यानं जागाही ठरवली होती, फ्रिजच्या वर. पण त्याच संध्याकाळी तो बघतो तर लोरेटा टेबलाशी बसून वाफेवर गोंद सैल करत होती आणि चिरलेल्या बाणाची पिसं एकेक करून सोडवत होती.

"अगं, काय करतेस! तो बाण जपून ठेवायचा!"

"वेडा का तू? पिसं अजून चांगली आहेत."

ती तिनं नव्या काडीवर बसवली. ऑक्टोबरच्या दुसऱ्या मंगळवारी, पाळी सुटल्यावर तासाभरानं, बागेतल्या वाकड्या झाडाखाली एक भरलेला हरणाचा नर पडलेली सफरचंदं खात मचाणापासून अकरा ढांगांवर आला. लोरेटानं त्याची शिंगं मोजली नाहीत. खांद्यामागचा एक केस बघितला. बाण आरपार गेला, नर वीस पावलं धावला आणि कुंपणाशी बसला तो उठला नाही. लोरेटा मचाणावरच बसून राहिली. ती एकटीच मोठ्यानं हसत होती. हिवाळ्याचं अर्धं काम झालं होतं, आणि अजून उरलेलं अर्धं करायला अख्खा मोसम पुढे होता.

हरीण ओढायला तिनं ड्वेनलाच बोलावलं. दोघांनी मिळून ते कुंपणापासून वाकड्या झाडापर्यंत आणलं. मग ड्वेन सवयीनं गुडघ्यांवर बसला आणि गवतात बाण शोधू लागला. सापडला तेव्हा त्यानं तो पँटला पुसला, प्रकाशात धरून नीट बघितला. एवढीशी चीरसुद्धा नव्हती. पिसांवरचे पट्टे त्यानं ओळखले.

"लोरेटा, खरं सांग. हा बाण केवढ्याला पडला?"

"टर्कीला विचार," लोरेटा म्हणाली. बाण तिनं भात्यात खोचला आणि हरणाचं एक शिंग धरून ओढायला लागली, "चल, दुसरं शिंग धर. जीननं तवा तापत ठेवलाय."